बंबवाले आणि कुलूपवाले

रात्री साडेबाराला फोन वाजला. परदेशात राहणाऱ्यांना ठाऊक असेल, अशा अवेळी फोन वाजला की आधी पोटात गोळा येतो. आई, बाबा, कोण... पण नंबर फ्लॉरिडाचा होता. उचलला तर पलीकडून एकच शब्द, "पाहिलंस?"

ना हॅलो, ना कसा आहेस. पाहिलं होतंच. तारीख १ नोव्हेंबर २०२५ (म्हणजे खरं तर २ तारीख उजाडली होती), वर्ल्ड सिरीजचा सातवा आणि शेवटचा सामना, टोरांटो. लॉस एंजेलिस डॉजर्सचा योशिनोबू यामामोतो आदल्याच रात्री सहा इनिंग टाकून, ९६ चेंडू फेकून बसलेला. असा माणूस पुढचे चार-पाच दिवस चेंडूला हात लावत नाही. आणि नवव्या इनिंगला, सामना ४-४ असा बरोबरीत, टोरांटोचे दोन गडी बेसवर, एकच बाद, अशा वेळी बुलपेनचं दार उघडलं आणि हाच बाहेर आला! पहिल्याच फलंदाजाला चेंडू लागला, तिन्ही बेस भरले. तरी धाव दिली नाही. नंतर दहावी टाकली, अकरावी टाकली, आणि डॉजर्स ५-४ जिंकले.

फोन करणारे गृहस्थ म्हणजे आमचे कोबॉलकाका. (नाव मी ठेवलेलं. त्यांना माहीत नाही, सांगूही नका.) आमचं एक भांडण १९९८ पासून चालू आहे. जुने रिलीव्हर मोठे की आताचे? त्या फोनच्या निमित्ताने सगळं पुन्हा वर आलं, म्हणून हा लेख.

ज्यांना बेसबॉल म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी अंमळ प्रस्तावना. पिचर म्हणजे आपला बोलर समजा. फरक असा की इथे षटक संपलं म्हणून बोलर बदलत नाही, एकच माणूस थकेपर्यंत किंवा मार खाईपर्यंत टाकत राहतो. आणि एकदा काढला की त्या सामन्यात परत येत नाही. नऊ इनिंग, प्रत्येकीत तीन बाद, म्हणजे सत्तावीस बळी घ्यायचे. सुरुवात करतो तो स्टार्टर, आणि तो कोलमडला की मैदानाच्या कडेच्या बुलपेनमधून येतो तो रिलीव्हर. एवढ्यावर काम भागेल.

मी न्यू जर्सीत आलो सप्टेंबर १९९८ मध्ये. वायटूकेचा हंगाम होता. पुण्यात सहा आठवड्यांत कोबॉल शिकवून आम्हाला विमानात बसवलं होतं. कंपनी विम्याची, नाव नको. तिथे काका तीस वर्षं त्याच मेनफ्रेमवर. मूळचे ब्रॉंक्सचे, यांकीजचे जन्मजात भक्त. दुपारी डबा खाताना (माझा डबा, त्यांचं टर्की सँडविच) मला बेसबॉल शिकवायचे. मी शिकलो आणि शिकल्या शिकल्या मारियानो रिव्हेराच्या प्रेमात पडलो. पडणारच. पनामातल्या कोळ्याचा मुलगा, शांत चेहरा, आणि एकच चेंडू! कटर. फलंदाजाला माहीत आहे कटरच येणार, सगळ्या स्टेडियमला माहीत आहे, तरी बॅट मोडते.

"चांगला आहे," काका म्हणायचे. "पण गूस गॉसेज तू पाहिला नाहीस."

मग १९७८ ची कथा. यांकीज आणि रेड सॉक्स दोघांचे सामने सारखेच जिंकून झालेले, म्हणून बॉस्टनला एकच निर्णायक सामना. २ ऑक्टोबर, सोमवारची दुपार. काका मशीन रूममध्ये रेडिओ लपवून ऐकत होते. बकी डेंटच्या होमरनने यांकीज पुढे गेले आणि सातव्या इनिंगमध्येच, एक बाद असताना, गॉसेजला आणलं. सातव्या! म्हणजे आठ बळी बाकी. नवव्या इनिंगला दोन बाद, बरोबरीची धाव तिसऱ्या बेसवर उभी, समोर कार्ल यास्त्रझेम्स्की. चेंडू उंच उडाला, तिसऱ्या बेसवर झेल. ५-४.

"पण आठव्या इनिंगला त्याने दोन धावा दिल्या होत्या," असं मी नंतर एकदा वाचून आल्यावर म्हटलं. काकांनी सँडविच खाली ठेवलं. "घरात आग लागलेली असताना आत शिरणाऱ्याचे कपडे थोडे जळतातच."

त्या काळी अशा पिचरला फायरमनच म्हणत. बंबवाला. आग कुठे लागली, कधी लागली, सहावी इनिंग की आठवी, बेसवर किती माणसं, ते त्याने विचारायचं नाही. गॉसेजने त्या मोसमात १३४ इनिंग टाकल्या आणि सेव्ह मिळवल्या २७. आता शेजारी २००८ चा फ्रान्सिस्को रॉड्रिग्झ ठेवा. सेव्ह ६२, आजही एका मोसमाचा तो विक्रम आहे, आणि इनिंग फक्त ६८. काम निम्मं, श्रेय दुपटीहून जास्त.

हे कसं झालं? तर एका आकड्यामुळे.

१९५९ साली पिट्सबर्गच्या रॉय फेसने रिलीव्हर म्हणून १८ सामने जिंकले आणि एकच हरला. ऐकायला भारी. पण त्यातल्या काही सामन्यांत आघाडी त्यानेच घालवली होती आणि मग त्याच्या फलंदाजांनी पुन्हा मिळवून दिली होती. शिकागोचा क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन याला ते पटेना. रिलीव्हरचं खरं काम मोजायला त्याने 'सेव्ह' ही कल्पना काढली. १९६९ पासून ती अधिकृत आकडेवारीत आली. आजचा नियम साधारण असा, की आघाडी तीन धावांपेक्षा जास्त नसताना आलात, किमान एक पूर्ण इनिंग टाकलीत आणि सामना संपवलात, की सेव्ह तुमच्या नावावर. (बाकी पोटनियम आहेत. सरकारी परिपत्रकासारखे. सोडा.)

उद्देश चांगला होता. पण आपल्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, की एकदा एखादा आकडा मोजायला लागलात की माणसं काम सोडून आकडा करायला लागतात. बग किती बंद केले यावर बोनस ठेवा आणि बघा कसे छोटे छोटे बग जन्माला येतात ते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ओकलंडच्या टोनी ला रुसाने डेनिस एकर्सलीला जवळजवळ फक्त नवव्या इनिंगसाठी राखून ठेवलं. उतरत्या वयाचा स्टार्टर, पण एका इनिंगपुरता अभेद्य. १९९० मध्ये त्याने ७३ इनिंगमध्ये फक्त चार जणांना वॉक दिला! १९९२ मध्ये ५१ सेव्ह, साय यंग आणि एमव्हीपी दोन्ही बक्षिसं. मग काय, सगळ्यांनी तेच सुरू केलं. बंबवाला गेला आणि क्लोजर आला. म्हणजे दुकान बंद करताना कुलूप लावणारा. ठरलेल्या वेळी यायचं, बेस रिकामे, तीन धावा खिशात, कुलूप लावायचं, चावी घेऊन घरी.

हे मला नीट समजलं ते ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री. आम्ही बारा जण त्या मेनफ्रेमसमोर बसून होतो. पिझ्झा, कॉफी, टीव्हीवर न्यूयॉर्कचा चेंडू खाली येतोय. बारा वाजले. काहीही झालं नाही. साडेबाराला टाळ्या, आणि पुढच्या आठवड्यात आम्हा बाराही जणांना मग आणि प्रशस्तिपत्रक. काका त्या रात्री घरी झोपले होते. त्यांनी आणि आणखी चौघांनी ९७-९८ मध्ये रोज रात्री बसून ज्या तारखा दुरुस्त केल्या, त्यांचं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं. तीन धावांची आघाडी, बेस रिकामे, नववी इनिंग. सेव्ह माझ्या नावावर. तो मग अजून आहे माझ्याकडे, पेनं ठेवतो त्यात.

पण रिव्हेराला मी त्या रांगेत बसवणार नाही. १९९६ मध्ये, क्लोजर व्हायच्या आधी, त्याने १०७ इनिंग टाकल्यात. सातवी-आठवी तो, नववी जॉन वेटलंड. म्हणजे सुरुवातीला तो बंबवालाच होता. आणि प्लेऑफमध्ये तर कारकीर्दभर दोन-दोन इनिंग टाकत राहिला. प्लेऑफच्या १४१ इनिंगमध्ये त्याची सरासरी ०.७० आहे. क्रिकेटवाल्यांसाठी सांगतो, हे ब्रॅडमनच्या ९९.९४ च्या जातीचं आहे. एकूण सेव्ह ६५२. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला तो एकही मत विरोधात न पडता, असा तो पहिलाच.

४ नोव्हेंबर २००१. सातवा सामना, ॲरिझोना. अकरा सप्टेंबर होऊन दोन महिनेही झाले नव्हते, आमच्या ट्रेनस्टेशनच्या पार्किंगमध्ये काही गाड्या कुणी न्यायला न आल्याने तशाच उभ्या होत्या, आणि यांकीज हा तेव्हा फक्त संघ राहिला नव्हता. २-१ आघाडी. आठव्या इनिंगलाच रिव्हेरा आला, तिघांना उडवलं. नववीत मात्र सगळं बिनसलं. बंट उचलून त्याने दुसऱ्या बेसकडे फेकलेला चेंडू थेट मागे गेला, मग वोमॅकचा डबल, बरोबरी, आणि शेवटी लुईस गोन्झालेझची ती मऊ, अर्धवट लागलेली फ्लिक जीटरच्या डोक्यावरून. ३-२.

सोमवारी मी काकांची वाट टाळून जागेवर जाऊन बसलो. तेच आले. वाटलं आता गॉसेजची गोष्ट ऐकावी लागणार. म्हणाले, "आठवीसुद्धा त्याच्याकडे दिली होती. कालपासून तो आमच्यातला."

एवढ्यावर भांडण मिटायला हवं होतं. मिटलं नाही, कारण मध्ये मी एक उद्योग केला. रेट्रोशीट नावाची एक स्वयंसेवी संस्था आहे. जुन्या सामन्यांचे कागद हुडकून, टाइप करून, सगळा डेटा फुकट देते. एका लांबलचक वीकांताला, बायको-मुलं मेव्हणीकडे गेलेली असताना, मी तो उतरवून पर्लमध्ये एक स्क्रिप्ट खरडली. प्रश्न साधा होता. नववी सुरू होताना पुढे असलेला संघ किती वेळा जिंकतो? उत्तर साधारण ९५ टक्के. सत्तरच्या दशकात काढा, ९५ च्या आसपास. क्लोजर आल्यानंतरचं काढा, तेच. पन्नासच्या दशकात जाऊन बघा, तिथेही फार फरक नाही. (यात सहा-सहा धावांच्या आघाड्याही आल्या हे मान्य. पण त्या सगळ्याच काळात आल्या.) म्हणजे नवव्या इनिंगसाठी कोट्यवधी डॉलर देऊन ठेवलेल्या माणसांमुळे एकूण हिशोबात पान हललं नाही! सामने हातातून जायचे ते बहुतेक आधीच, सहाव्या-सातव्या इनिंगमध्ये. आणि तेव्हा सगळ्यात चांगला माणूस बुलपेनमध्ये सूर्यफुलाच्या बिया चघळत बसलेला.

काकांना प्रिंटआउट दिला तर खूश. पण मला त्यांच्या पक्षात पूर्ण जाता येत नव्हतं, आणि त्याचं कारण माइक मार्शल.

१९७४ मध्ये डॉजर्सच्या मार्शलने १०६ सामन्यांत २०८ इनिंग टाकल्या, एकाही सामन्याची सुरुवात न करता. एकदा सलग तेरा सामने. मग वर्ल्ड सिरीजचे पाचही. त्या वर्षीचा साय यंग त्याला मिळाला, आणि सिरीज मात्र ओकलंडच्या मिशीवाल्या रॉली फिंगर्सने नेली. मार्शल शरीरशास्त्राचा अभ्यासक, पुढे पीएच.डी. झाला. त्याचं म्हणणं, नीट पद्धतीने फेकलं तर हाताला काही होत नाही. आता गंमत बघा. त्याच संघात, त्याच मोसमात टॉमी जॉन नावाच्या स्टार्टरच्या कोपराचा अस्थिबंध तुटला, आणि २५ सप्टेंबर १९७४ ला डॉ. फ्रँक जोब यांनी दुसऱ्या हातातला स्नायुबंध काढून तिथे बसवला. आज ज्या शस्त्रक्रियेला सगळं जग त्याच पिचरच्या नावाने ओळखतं ती हीच. एकाच ड्रेसिंग रूममध्ये एक म्हणतोय हाताला काही होत नाही, आणि दुसऱ्याचा हात तुटून पडलाय.

सगळे मार्शल नसतात. स्प्लिटर घराघरांत पोचवणारा ब्रूस सटर १९८४ मध्ये १२२ इनिंग टाकून, ४५ सेव्ह मिळवून मोठ्या करारावर अटलांटाला गेला आणि तिथे खांदा गेला. कारकीर्द बरोबर ३०० सेव्हवर थांबली. हे बघितलं की काकांची ती 'आमच्या वेळी' ऐकवत नाही. मलाही अनुभव आहे. १९९९ च्या शेवटच्या चार महिन्यांत रोज चौदा-चौदा तास टाइप करून माझं उजवं मनगट जे गेलं ते गेलं. अजून पोळी लाटता येत नाही. (बायकोला हे कारण वाटतं, असो.) आणि मला तेव्हा संध्याकाळी सहाला खुर्चीवरून उठवून घरी कोण हाकलायचं? हेच गॉसेजभक्त काका. "पट्टा बांधून झोप," म्हणायचे.

मात्र थोडं टाकून हात वाचतो असंही आता दिसत नाही. सत्तरच्या दशकात एक संघ सामन्याला साधारण पाच फलंदाज स्ट्राइकआउट करायचा, आता आठाच्या वर. कारण बुलपेनमधून येणारा जो तो एका इनिंगपुरता येतो आणि प्रत्येक चेंडू जीव तोडून फेकतो. ॲरोल्डिस चॅपमनने २०१० मध्ये ताशी १०५ मैलांच्या वर टाकला होता, तेव्हा तो चमत्कार होता. आज प्रत्येक संघात ९८-९९ चे तीन-चार सापडतील, आणि शस्त्रक्रियेच्या रांगेतही तेच. गॉसेज आज आला तर त्यालाही एक इनिंग मिळेल आणि हाताची हीच गत होईल. रिव्हेरा १९७८ मध्ये असता तर दीडशे इनिंग टाकून त्याचं काय झालं असतं, कुणाला माहीत. तुलना करायची तर पिचरची नव्हे, त्यांना बोलावणाऱ्याची करावी असं मला वाटायला लागलं.

आणि बोलावणारा म्हणजे मी. आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

४ ऑक्टोबर २०१६, पुन्हा टोरांटोच. हरला तो घरी, असा एकच सामना. बाल्टिमोरचा झॅक ब्रिटन त्या मोसमात ४७ पैकी ४७ सेव्ह मिळवून बसलेला, सरासरी ०.५४. जगातला सर्वोत्तम रिलीव्हर. २-२ बरोबरी, अकरावी इनिंग. व्यवस्थापक बक शोवॉल्टरने त्याला आणलं नाही. आघाडी मिळाली की आणू! आणला तो उबाल्डो हिमेनेझ, मूळचा स्टार्टर. एन्कार्नासियॉनचा तीन धावांचा होमरन, खेळ खलास. ब्रिटन बुलपेनमध्ये उभा. मी टीव्हीवर उशी फेकली होती.

पुढच्या मार्चमध्ये आमच्याकडे सोमवारी पहाटे मोठं डेटाबेस मायग्रेशन होतं. टीममधली सगळ्यात तयार इंजिनियर मी त्यासाठी राखून ठेवली होती. शनिवारी रात्री ऑनकॉलवर होता एक पोरगा, कॉलेजातून येऊन आठ महिने झालेले. पावणेदोनला त्याने मला उठवलं. पेमेंटची रांग तुंबली होती. "तिला उठवू का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नको, तिला सोमवारसाठी ताजी राहू दे, तू बघ, मी आहे. मी आहे म्हणजे काय, मी कोड लिहिणं सोडून सहा वर्षं झालेली. पहाटे चारला त्याने घाईत चुकीची स्क्रिप्ट चालवली आणि दीड दिवसाचे व्यवहार गेले. सोमवारचं मायग्रेशन झालंच नाही. ती सकाळी आली, लॉग बघितले, आणि एवढंच म्हणाली, "हे माहीत होतं मला. फोन का नाही केलास?"

अहवालात लिहिलं गेलं, ऑनकॉल इंजिनियरकडून चूक. अहवाल मीच लिहिला. त्याने मला विचारलं होतं हे वाक्य त्यात नव्हतं. तीन महिन्यांनी पोरगा सोडून गेला. शारजात १९८६ ला मियाँदादने षटकार मारला तो चेंडू चेतन शर्माचा, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या हातात तो चेंडू कसा आला ते कुणी विचारत नाही. शोवॉल्टरला निदान दुसऱ्या दिवशी सगळ्या पत्रकारांनी धारेवर धरलं. मला कुणीही काही विचारलं नाही.

काकांना हे मी कधी बोललो नव्हतो. त्या रात्री फोनवर बोललो, का कोण जाणे. यामामोतोचं कौतुक करून झालं होतं, "हा आमच्यातला" हेही म्हणून झालं होतं, आणि मी म्हटलं की पुढच्या वर्षी त्याचा हात कसा राहतो ते बघू, आणि मग ते सगळं बाहेर पडलं. पलीकडे बराच वेळ शांतता. टीव्हीवर त्यांच्याकडेही जल्लोष चालू असल्याचा आवाज येत होता.

"त्या पोराचा नंबर आहे तुझ्याकडे?" काकांनी विचारलं.

"असेल."

"हं." मग म्हणाले, "मनगट कसं आहे?"

"थंडी सुरू झाली की दुखतं."

"पट्टा बांधून झोप," म्हणाले आणि फोन ठेवला.

लॅपटॉप उघडाच होता. डिसेंबरचं ऑनकॉलचं वेळापत्रक अर्धवट भरून पडलं होतं. मी आधी जुन्या फोनमधले नंबर शोधायला घेतले.